चाल दुसऱ्याची, साज आपला

दसरा झाला की बडोद्यात दिवाळी पहाटेच्या तालमींचे फोन सुरू होतात. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कुणीतरी गीत लिहिलेलं असतं, कुणीतरी पेटी काढून त्याला चाल लावलेली असते, आणि मोबाइलवर गाऊन ठेवलेली ती चाल एका तिसऱ्याच माणसाकडे येते. सोबत एकच ओळ, "याचं जरा म्युझिक करून दे ना." पुढचं सगळं त्या तिसऱ्या माणसासाठी आहे. त्याच्याकडे की-बोर्ड असतो, दोनचार वादकांशी ओळख असते, कान तयार असतो. पण कुठून सुरुवात करायची आणि कुठे हात आवरायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

"म्युझिक करणं" याला आपल्याकडे संगीत संयोजन म्हणतात. गीतकार शब्द देतो, संगीतकार चाल देतो. संयोजक पट्टी (म्हणजे गाण्याचा "सा" किती उंच) आणि लय पक्की करतो, गाण्याआधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजेल, गाताना मागे कोण असेल आणि कुठे कुणीच नसेल, हे ठरवतो. चालीचा एकही स्वर त्याचा नसतो. तरी एखादं गाणं आठवलं की आपण शब्दांच्या आधी सुरुवातीचा बासरीचा किंवा व्हायोलिनचा तुकडाच गुणगुणतो, आणि तो बहुतेक वेळा संयोजकाच्या हातचा असतो. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी, मराठीत अनिल मोहिले यांनी हे काम केलं.

दुसऱ्याच्या गाण्यावर काम करताना एक गोष्ट सतत समोर ठेवावी लागते. शब्द आणि चाल ही आपल्याकडे ठेव म्हणून आलेली असते. ठेवीवर साज चढवायचा असतो, ती वितळवून नवा दागिना करायचा नसतो.

आधी कागदावर

चाल कागदावर उतरवण्याची सवय या शहराला जुनी आहे. मौलाबक्ष यांची गायनशाळा सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली इथे सुरू झाली, आणि शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलिपीही तयार केली होती. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे ज्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागे होते तीही १९१६ साली बडोद्यातच भरली. आजही संयोजकाचं पहिलं काम तेच. वाद्य हातात घेण्याआधी चाल लिहून काढा.

चाल देणाऱ्याकडून पूर्ण गाणं एकदा नव्हे, तीनदा गाऊन मागा. तिन्ही वेळा जे स्वर जसेच्या तसे येतात ती चाल. जिथे प्रत्येक वेळी थोडं वेगळं येतं ती हरकत किंवा सवय. एखाद्या ओळीचा शेवट एकदा गंधारावर आणि एकदा रिषभावर होत असेल तर आपण मनाने एक निवडू नका, फोन करून विचारा. पुढे व्हायोलिनचा सूर त्याच जागी धरायचा असतो, आणि गायिका वेगळीकडे उतरली तर दोष संयोजनाला लागतो.

शब्दही देवनागरीत टाइप केलेले मागा, पुनरावृत्त्यांसकट. कोणती ओळ दोनदा, शेवटच्या कडव्यानंतर मुखडा पूर्ण की अर्धा, हे कवीच्या कागदावर क्वचित असतं. लिहायला भातखंडे लिपी पुरते. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेची खूण, खालीला, म्हणजे तालातल्या रिकाम्या मात्रेला, शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मात्रांचे रकाने आखा आणि प्रत्येक अक्षर नेमक्या मात्रेखाली ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढचे निम्मे घोळ इथेच टळतात.

उदाहरणासाठी एक मुखडा घेऊ.

सांज उतरली अंगणी
दिवा लाव ग साजणी

समजा चाल यमन रागाच्या अंगाची आहे आणि ठेका केरवा, म्हणजे ८ मात्रांचं एक आवर्तन. "सांज" हा शब्द सातव्या मात्रेपासून उठतो आणि सम "उतरली"च्या "उ"वर येते. हे उठाण कागदावर नोंदलं नाही तर काय होतं? सुरुवातीचं संगीत आठ आवर्तनांचं ठरतं, की-बोर्डवाला आठवं आवर्तन पूर्ण वाजवतो, आणि गायिकेचा "सांज" त्याच्या शेवटच्या दोन मात्रांखाली दबतो. सुरुवातीचं संगीत खरं तर आठ आवर्तनं वजा दोन मात्रा एवढंच आहे. तक्त्यावर त्या दोन मात्रांना लाल गोल करा.

पट्टी ठरली की बरंच काही ठरतं

पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरते, वादकांच्या सोयीवरून नाही. पण पट्टीमुळे वादकांचं काय होतं हे संयोजकाला माहीत हवं.

गायिकेला अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ गायला सांगा, पण तालमीच्या शेवटी, गाणं तीनचार वेळा होऊन गेल्यावर. ताज्या गळ्याने सगळेच अर्धा स्वर वर सांगतात आणि कार्यक्रमात, पहाटे साडेपाच वाजता, तोच स्वर चिरतो. मुखड्यातला सर्वांत खालचा स्वरही तपासा. मंद्र निषादावर शब्द नुसताच हवेत जात असेल तर पट्टी खाली नेऊन उपयोग नाही.

समजा काळी चार ठरली, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा गाण्याचा "सा". आता तबल्याकडे पाहा. बायकांच्या पट्टीत तबला षड्जाला लावायचा तर मोठ्या तोंडाचा लागतो, म्हणून पुष्कळ तबलजी काळी एकचा तबला घेऊन येतात. काळी एक हा काळी चारचा मध्यम. एरवी ते चालून जातं. पण आपली चाल यमनची आहे, तिच्यात शुद्ध मध्यम नाहीच. प्रत्येक "ना"ला शुद्ध मध्यम घुमत राहिला की तीव्र मध्यम बेसूर वाटायला लागतो, आणि गायिकेला वाटतं आपलंच चुकतंय. इथे तबला पंचमाला, म्हणजे काळी दोनला लावलेला हवा. त्यासाठी लहान तोंडाचा तबला लागतो, आणि ही गोष्ट तबलजींना आदल्या दिवशी कळवावी लागते. काळी एकच्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून दोन स्वर वर नेता येत नाही. ओढलीच तर पुडी जाते. तानपुऱ्याच्या ॲपवरही पहिली तार पंचमाची ठेवा.

की-बोर्डवाले अनेकदा सगळं पांढरी एकवर वाजवतात आणि सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबतात. काळी चारसाठी ते अधिक आठ किंवा उणे चार. पुढच्या गाण्याला ते शून्यावर आणायचं राहून जाणं हा मंचावर हमखास होणारा अपघात आहे, म्हणून प्रत्येक गाण्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा. गिटारवाल्याला पहिल्या घरात केपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी च्या पकडी दिल्या की तो मोकळ्या तारांवर वाजवू शकतो. व्हायोलिनवाल्यांना पाश्चात्त्य लिपी हवी असेल तर काळी चार जी शार्प म्हणून लिहू नका. जी शार्प मेजरला आठ शार्प होतात आणि कागद वाचवत नाही. तोच स्वर ए फ्लॅट म्हणून लिहा. मेजरला चार फ्लॅट लागतात आणि यमनच्या तीव्र मध्यमामुळे त्यातला एक कमी होतो, म्हणजे तीन फ्लॅटची खूण पुरते. बासरीवाल्याला मात्र फक्त पट्टी सांगा. कोणती बासरी काढायची ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

लय आणि नकाशा

लय वाद्यावर शोधू नका. शब्द नुसते बोलून पाहा, मग गाऊन पाहा. "दिवा लाव ग" मधला "ग" गिळला जातोय असं वाटलं तर लय जास्त आहे. "अंगणी"चा "णी" धरून ठेवताना श्वास संपत असेल तर कमी आहे. लय सापडली की मेट्रोनोमवर बोटाने टकटक करून आकडा घ्या.

समजा ८० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ८० ठोके, आला आणि केरव्याचं एक आवर्तन चार ठोक्यांत बसतं. मग एक आवर्तन बरोबर ३ सेकंदांचं. हिशेब फार सोपा होतो. सुरुवातीचं संगीत ८ आवर्तनं, मुखडा ८, मधलं संगीत ८, पहिला अंतरा १२, परत मुखडा ४, दुसरं मधलं संगीत ८, दुसरा अंतरा १२, शेवटचा मुखडा ८ आणि समारोपाला ४. एकूण ७२ आवर्तनं, म्हणजे २१६ सेकंद, ३ मिनिटं ३६ सेकंद. यातली संगीताची २८ आवर्तनं, गाण्याची ४४. संगीताचा हिस्सा याहून वाढायला लागला तर थांबून विचार करावा, कारण लोक सभागृहात गाणं ऐकायला आलेले असतात.

हा नकाशा एका पानावर काढून कवी आणि संगीतकार दोघांनाही दाखवा, एकही स्वर वाजवण्याआधी. "दुसऱ्या कडव्याआधी एवढं थांबायचं नाही, अर्थ तुटतो," असं कवी म्हणतो तेव्हा तो बहुतेक बरोबर असतो. कागदावर चार आवर्तनं खोडायला पाच सेकंद लागतात. वाजवून झाल्यावर तीच खोडायला एक संध्याकाळ जाते.

कॉर्ड लावताना होणारी चूक

भावगीत, भक्तिगीत, अभंग, काहीही असो, की-बोर्ड आला की कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट, येतात आणि तीन कॉर्डची सवय येते. षड्जाची, मध्यमाची, पंचमाची. आपल्या यमनच्या चालीत मध्यमाची कॉर्ड म्हणजे शुद्ध मध्यम, धैवत, षड्ज. गायिका "उतरली"वर तीव्र मध्यमाला स्पर्श करते आणि मागे शुद्ध मध्यम वाजत असतो. दोन्ही स्वर शेजारचे, एकमेकांना घासतात. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चेहरा आक्रसतो.

नियम साधा ठेवा. चालीत जे स्वर आहेत त्यांच्यातूनच कॉर्ड बांधा. यमनमध्ये षड्ज-गंधार-पंचम आहे, रिषभ-तीव्र मध्यम-धैवत आहे, गंधार-पंचम-निषाद आहे, पंचम-निषाद-रिषभ आहे, धैवत-षड्ज-गंधार आहे. भरपूर आहेत. सवयीने जिथे मध्यमाची कॉर्ड यायची तिथे धैवत-षड्ज-गंधार लावून पाहा, बहुतेक वेळा ती अचूक बसते. चाल भीमपलासीच्या अंगाची असेल तर मध्यमाची कॉर्ड बिनदिक्कत चालते, कारण तिथे मध्यम शुद्ध आहे आणि धैवतही शुद्ध आहे. तिथे चुकून कोमल धैवताची कॉर्ड लागते, ती टाळायची.

कॉर्ड कधी बदलायची? प्रत्येक स्वराबरोबर नाही. जिथे ओळ विसावते तिथे बदलली की कॉर्ड शब्दाला आधार देते; दर दोन मात्रांनी बदलली तर चाल प्रवाही असूनही पायऱ्या चढल्यासारखी वाटते. आपल्या मुखड्यात पहिल्या ओळीला षड्ज धरून बसा आणि "साजणी"च्या आधी एकदा पंचमाकडे जाऊन परत या. एवढ्याने काम होतं.

याच संदर्भात आणखी एक बारकावा. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार आणि की-बोर्डचा गंधार सारखा नसतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर की-बोर्डचा गंधार सुमारे चौदा भाग वर असतो. पंचमात हा फरक फक्त दोन भागांचा, म्हणून तो जाणवत नाही. तानपुरा चालू असताना की-बोर्डवर तंतुवाद्यांच्या आवाजात गंधार लांब धरला की सुरात एक थरथर येते आणि गायिकेला कुठे उभं राहावं कळत नाही. उपाय असा की, लांब धरायच्या सुरांत फक्त षड्ज आणि पंचम ठेवा. गंधार गळ्यासाठी, नाहीतर सतारी-बासरीसाठी सोडा. गाणं लगेच स्वच्छ होतं. कॉर्डची गंमत मुखड्याच्या पुनरावृत्तीत किंवा मधल्या संगीतात घेता येते, तेव्हा तानपुरा मिक्समध्ये खाली घ्यायचा.

ठेका, खाली आणि बेस गिटार

केरव्याचे बोल हातावर धरून पाहा. धा गे ना ती, न क धी न. पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला डग्गा बोलतो. पाचव्या मात्रेला खाली, डग्गा गप्प. केरव्याचं झुलणं या गप्प बसण्यामुळे आहे.

आता त्यावर बेस गिटार आणली. पाश्चात्त्य सवयीचा वादक पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर ठोका देणार, कारण त्याच्या हिशेबी ते पहिला आणि तिसरा बीट आहेत. म्हणजे डग्गा जिथे मुद्दाम गप्प आहे नेमका तिथे खर्जाचा ठोका. खाली भरून निघते, ठेका सपाट होतो, आणि सगळे म्हणतात, "काहीतरी ऑर्केस्ट्रासारखं वाटतंय." बेसला पहिल्या आणि सातव्या मात्रेवर बसवा, डग्ग्याच्या सोबतीने. सातव्या मात्रेलाच आपला "सांज" उठतो, तोही त्या आधाराने अलगद उचलला जातो. पाचव्या मात्रेवर घुंगरू किंवा मंजिरीचा हलका नाद चालतो, कारण तो वरचा आहे, खर्ज भरत नाही.

साइड ऱ्हिदमवाल्याला कागदावर आठ मात्रांचे आठ चौकोन द्या आणि त्याची मात्रा भरून द्या. "तुला वाटेल ते वाजव" म्हटलं की शेकर, डफली, घुंगरू सगळं पहिल्या ओळीपासून सुरू होतं आणि अंतऱ्यात वाढवायला काही उरत नाही.

बडोद्यातल्या संयोजकाला मराठी गीतांइतकेच गुजराती गरबेही येतात, आणि त्यांचा हिशेब निराळा. गरब्याचा हींच ताल ६ मात्रांचा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडली की चार-चारचं माप आधीच लागलेलं असतं. ते सहा-आठ न करता काम सुरू केलं तर रेघा आणि सम जुळत नाहीत, आणि एक ओळ कापून पुढे चिकटवायची वेळ आली की सगळं सरकतं. गरब्यात गवडावणारा ओळ म्हणतो आणि मैदान ती झेलतं, म्हणून झेलण्याच्या ओळीमागे सुरावट नको, ठेका पुरे. शिवाय एक गरबा थेट दुसऱ्यात जातो. पट्टी बदलणार असेल तर बासरीवाल्याला बासरी बदलायला दोन-तीन आवर्तनं मोकळी द्या. हे कागदावर लिहिलं नसेल तर तो मैदानावर हात हलवत उभा राहतो.

गाण्यामागे काय वाजावं

गळा आणि वाद्य एकाच सप्तकात, एकाच वेळी हलले की शब्द हरवतात. गायिका मध्य सप्तकात आहे, तर व्हायोलिन तार सप्तकात बारीक धरा किंवा मंद्रात खाली न्या. बासरी मध्य सप्तकात गळ्याच्या मागे फिरवायची नाही. पेटीने मात्र चाल धरली तर चालते, कारण तिचं काम सावलीसारखं आहे आणि ती शब्दावर पाऊल टाकत नाही.

भरणीचे तुकडे श्वासात बसवतात. आपल्या मुखड्याची एक ओळ दोन आवर्तनांची, १६ मात्रांची. शब्द ११ मात्रांत संपले तर ५ उरतात. त्या पाचही भरायच्या नाहीत. तीन मात्रांचा तुकडा आणि शेवटच्या दोन मोकळ्या, कारण तिथे गायिका श्वास घेते आणि पुढचा स्वर मनात पाहते. तुकडा ओळीच्या शेवटच्या स्वरावरून सुरू व्हावा म्हणजे तो ओळीतूनच निघाल्यासारखा वाटतो. प्रत्येक ओळीनंतर तुकडा तर नकोच. एका ओळीनंतर बासरी, पुढची ओळ रिकामी, मग सतार.

शब्दाच्या मध्ये चालीने विसावा घेतला असेल, उदाहरणार्थ "दिवा ला" वर क्षणभर थांबून "व ग" आलं असेल, तर त्या फटीत काहीही वाजवू नका. फट चालीची आहे, शब्द अजून पुरा झालेला नाही. तबल्याची उठान तिथे आली की शब्द कायमचा दुभंगतो.

मधलं संगीत बांधताना चालीतलाच एखादा तुकडा घ्या आणि तो उलटा करा, वरून सुरू करा, लय दुप्पट करा, पण नवा राग आणू नका. फार मोह होतो. नवी सुरावट फक्कड असते, तिला दाद मिळते, आणि त्यानंतर अंतरा फिका पडतो. मधल्या संगीताचं खरं कर्तव्य शेवटच्या आवर्तनात आहे, गायिकेला अंतऱ्याच्या पहिल्या स्वराच्या दारात नेऊन सोडण्याचं. अंतरा पंचमापासून उठत असेल तर शेवटचा तुकडा तीव्र मध्यमावर किंवा धैवतावर थांबवा. षड्जावर थांबवला तर तिला पंचम स्वतः शोधावा लागतो, आणि मंचावरच्या गोंधळात तो दरवेळी सापडेलच असं नाही.

एक वाद्य राखून ठेवा. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ते अजिबात वाजवू नका. सतार असेल, स्वरमंडल असेल, काहीही. तेच शब्द, तीच चाल, पण नवा रंग आला की ऐकणारा पुन्हा सावध होतो. व्हायोलिनचा ताफा परवडत नसेल तर दोघांना बोलावून प्रत्येकाकडून तीन-तीनदा वाजवून घ्या. एकाच माणसाकडून सहादा घेतलं तर आवाज जाड होतो पण रुंद होत नाही.

छोट्या मंचासाठी चारच वादक असतील, तर तबला, साइड ऱ्हिदम, की-बोर्ड आणि बासरी पुरतात. अशा वेळी की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस, उजव्याने फक्त धरलेले सूर, आणि तुकडे सगळे बासरीने. की-बोर्डवर सतार, संतूर, शहनाई एकामागून एक बदलत राहण्यापेक्षा हे कितीतरी शोभतं.

वादकांसमोर आणि माइकसमोर

तालमीला जाताना प्रत्येकाचा वेगळा कागद हवा. त्यावर पट्टी, लय, नकाशा, आणि त्याची जागा. ज्याला २४ आवर्तनं गप्प बसायचं आहे त्याच्या कागदावर "२४ गप्प" असं लिहा आणि त्यानंतरचे गायिकेचे चार शब्दही लिहा. मोजणी चुकली तरी शब्दांवरून तो सावरतो.

रेकॉर्डिंगसाठी आधी मार्गदर्शक गाणं करून घ्या, क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, तानपुऱ्यासकट. शक्यतो ज्याने चाल लावली त्याच्याच आवाजात. बडोद्यातल्या तरुण गायकांना याचा आणखी एक उपयोग होतो. घराबाहेर गुजराती आणि हिंदी बोलून "चांदणं" आणि "माझा" मधले दंत्य च, झ बोथट झालेले असतात. मार्गदर्शक गाण्यात उच्चार नीट असले की ते कानावरून दुरुस्त होतात, समजावत बसावं लागत नाही.

फाइल देताना प्रत्येक वाद्याची फाइल शून्य सेकंदापासून सुरू करा, वाद्य अडीच मिनिटांनी का वाजेना. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह. फाइलच्या नावात वाद्य, पट्टी, बीपीएम. आणि गायनाविना एक वेगळी फाइल जरूर द्या. शाळेच्या, मंडळाच्या कार्यक्रमाला तीच पुन्हा पुन्हा मागितली जाते.

नाव आणि परवानगी

ओळखीच्या माणसांत हे बोलायला संकोच वाटतो, म्हणूनच आधी बोलावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीचं संयोजन हे तिचं रूपांतर धरलं आहे, आणि रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या हक्कदाराकडे असतो. म्हणजे काकांनी लावलेल्या चालीवर संयोजन करून ते प्रसिद्ध करायचं तर काकांची लेखी संमती हवी. व्हॉट्सॲपवरचा "कर ना" तालमीपुरता ठीक, यूट्यूबसाठी नाही. दिवंगत कवीची कविता असेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. त्यांच्याकडे जावं लागतं, आणि बहुतेक कुटुंबं आनंदाने हो म्हणतात.

तीन गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दुरुस्तीच्या किती फेऱ्या, दोन पुरेशा. मधल्या संगीताची नवी सुरावट कुणाची. आणि नावं कशी जातील. गीत, संगीत, संगीत संयोजन, या तीन वेगळ्या ओळी. पूर्वी संयोजकाचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर क्वचितच छापलं जाई. आज ते न छापण्याचं काही कारण नाही. तसंच संयोजकानेही "संगीत" या ओळीत आपलं नाव घुसवू नये.

सगळं झाल्यावर एक चाचणी घ्या. ज्याने हे गाणं कधीच ऐकलेलं नाही अशा कुणाला, आजीला, शेजारच्या वहिनींना, मोबाइलच्या साध्या स्पीकरवर ते ऐकवा आणि ऐकता ऐकता शब्द लिहायला सांगा. जो शब्द त्यांना लागला नाही, त्याच्या मागे त्या क्षणी काय वाजतंय ते शोधा, आणि तेवढंच काढा.